रक्ताच्या थेंबातला इतिहास

समजा, तुम्ही राहात्याचे आहात. पेरूच्या बागेत दिवसभर राबून घरी येता. अंगात कसकस, सांधे जड, भूक मंद. असे दोन महिने चालते आणि डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. चिठ्ठीवर येते: पांढऱ्या पेशी 3200, म्हणजे थोड्या कमी, आणि दाहाची खूण किंचित वाढलेली. तुम्ही म्हणाल, घरात आग धुमसतेय आणि विझवणारेच कमी, हा काय प्रकार?

दाहाच्या चार खुणा रोमन लेखक केल्सस याने पहिल्या शतकातच सांगितल्या होत्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. आत काय घडते, हे दिसायला मात्र 1882 साल उजाडावे लागले. सिसिलीतल्या मेस्सिना येथे मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक पिलाला गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! शरीराचे पहारेकरी धावून आले होते.

या मेचनिकॉफचा ओडेसातला शिष्य पुढे आपल्याकडेच आला. त्याचे नाव हाफकिन. 1896 च्या प्लेगात त्याने मुंबईत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्याच्याच नावाची.

मग मोजणीची साधने आली. एर्लिखने 1879 मध्ये रंग वापरून पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या केल्या. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन सापडले. दाहाची आजची खूण ती हीच.

आता पेशी घटतात का, ते पाहू. 1928 मध्ये लुसी विल्स मुंबईत आल्या आणि गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांचा पंडुरोग अभ्यासू लागल्या. यीस्टच्या अर्काने गुण आला. त्यातले द्रव्य फॉलिक आम्ल, हे नंतर कळले. ते किंवा ब-12 जीवनसत्त्व कमी पडले, की पांढऱ्या पेशीही घटतात. वाढलेली प्लीहा, विषमज्वर, स्वतःच्याच शरीरावर उलटणारा संधिवात, ही आणखी कारणे. 1930 नंतर अ‍ॅमिडोपायरिन ही वेदनाशामक गोळीच कित्येकांच्या पेशी संपवते, असे उघड झाले. औषधच वैरी!

दाह जंतूंवाचूनही धुमसतो, बरं का. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांच्या 1999 च्या अभ्यासात दाह वाढवणारी द्रव्ये शहरी लोकांच्या रक्तात खेडुतांपेक्षा जास्त आढळली.

तेव्हा तुमच्या चिठ्ठीतल्या दोन आकड्यांचे मूळ एक असेल, किंवा दोन निराळी. घाबरून जाऊ नका, पण टाळूही नका. मोजणी पुन्हा करा, पेशींच्या जाती वेगळ्या मोजून घ्या. घेतलेली प्रत्येक गोळी, शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा, डॉक्टरांना सांगा. प्लीहा, ब-12, क्षय यांचा तपास होऊ द्या. न्यूट्रोफिल 500 च्या खाली आणि अंगात ताप, असे झाले तर मात्र सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

आणि जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा. काहींच्या पेशी जन्मभर थोड्या कमीच असतात, आणि त्यांचे काही बिघडत नाही. आजचा 3200 हा आकडा नवा की जुनाच, हे सांगणारा इतिहास तुमच्याच कपाटात असतो.