चिखलातली वंशावळ

यंत्रांनाही वंशावळ असते, आणि माणसांच्या वंशावळीप्रमाणे तीही घरात चार पैसे आल्यावरच लिहिली जाते. गरिबीच्या दिवसांत आजोबा काय करीत होते याची चौकशी कोणी करीत नाही. नातवाने बंगला बांधला, की आजोबांची काठी दिवाणखान्यात येऊन भिंतीला टेकते. हल्ली मोटारसायकलींच्या दुकानांत 'स्क्रॅम्बलर' या नावाची जी जुन्या वळणाची गाडी दिमाखाने उभी असते, तिच्याकडे पाहिले म्हणजे मला त्या काठीची आठवण होते. गोल दिवा, दिव्यावर जाळी, रुंद हँडल, वर उचललेला सायलेन्सर! पाहणाऱ्याला वाटावे, साठ वर्षांपूर्वीची कोणाची तरी जपून ठेवलेली गाडी आहे. प्रत्यक्षात यांतली एक, ट्रायम्फ कंपनीची 'स्क्रॅम्बलर ४०० एक्स', २०२३ साली बाजारात आली आणि ती तयार झाली आपल्या पुण्याच्या उत्तरेला, चाकणच्या बजाज कारखान्यात. तेव्हा ही काठी खरोखर आजोबांची आहे, की बाजारातून आणून टेकवली आहे, हे पाहणे मौजेचे ठरेल.

स्क्रॅम्बल या इंग्रजी शब्दाचा अर्थ हातापायांनी धडपडत चढणे. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये १९१४ पासून स्कॉट ट्रायल नावाची मोटारसायकलींची एक परीक्षा माळरानावर होत असे. तीत वेगाबरोबर कौशल्यालाही गुण असत. १९२४ च्या मार्चमध्ये दक्षिणेकडे, सरे परगण्यातील कँबर्ली येथील हौशी मंडळींनी तिच्या धर्तीवर एक शर्यत भरवली. पण कौशल्याचे गुण काढून टाकले. दगडधोंड्यांतून आणि चिखलातून जो आधी पोहोचेल तो जिंकला, एवढाच नियम ठेवला. तिला नाव पडले 'सदर्न स्कॉट स्क्रॅम्बल'. पुढे फ्रेंचांनी हाच खेळ उचलून त्याला 'मोटोक्रॉस' म्हटले, आणि जगाने त्यांचेच नाव घेतले.

या शर्यतीसाठी वेगळी गाडी कोणी बनवीत नव्हते, ही यातली खरी गोष्ट. आठवडाभर जिच्यावरून कामाला जायचे, तीच गाडी रविवारी चिखलात घालायची. मग शनिवारी संध्याकाळी पाना घेऊन बसायचे. दिवे फुटतात म्हणून ते काढायचे. ओढ्यातून जाताना नळीत पाणी शिरते आणि दगडावर आपटून ती चेपते, म्हणून सायलेन्सर वर उचलून बांधायचा. चाक दगडावर चढताना हातातून हँडल निसटू पाहते. ते रुंद असले की धरायला जोर मिळतो, म्हणून हँडल बदलायचे. टायरला खोल खाचा हव्यात. अशी एकेक गोष्ट काढीत आणि बदलीत जी आकृती उभी राहिली, ती स्क्रॅम्बलर. तिच्या रूपातली प्रत्येक रेषा कोणत्या ना कोणत्या अडचणीने ओढली होती. चित्रकाराला तिथे शिरकाव नव्हता.

कारखानदार अर्थातच मागून आले. ट्रायम्फ ही कॉव्हेंट्रीची जुनी कंपनी. न्युरेंबर्गहून आलेल्या सिगफ्रिड बेटमान यांनी ती स्थापन केली आणि १९०२ साली पहिली मोटारसायकल बनवली. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीने 'टीआर ५ ट्रॉफी' नावाची ५०० सीसीची गाडी काढली. तिची कथा मला फार आवडते. युद्धकाळात ट्रायम्फने विमानदलासाठी वीजनिर्मितीचे छोटे संच बनवले होते. त्यांची सिलिंडरे वजनाला हलकी पडावीत म्हणून लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. युद्ध संपले, तेव्हा तीच चौकोनी सिलिंडरे या गाडीवर चढली आणि दोन्ही नळ्या एकत्र करून एका बाजूने वर उचलल्या गेल्या. आज ज्या गाड्या 'अस्सल' म्हणून वाखाणल्या जातात त्यांची ही पणजी, आणि तिचे काळीज आले जनरेटरमधून! टाकाऊतून टिकाऊ करण्याची विद्या फक्त आपल्याच आयाबायांना येते असे समजण्याचे कारण नाही.

पुढे अमेरिकेच्या वाळवंटी शर्यतींसाठी ६५० सीसीची 'टीआर ६' आली. १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन जर्मनांच्या कैदेतून पळतो तो याच जातीच्या गाडीवर. फक्त तिला जर्मन रंग फासला होता आणि तारेच्या कुंपणावरची ती प्रसिद्ध उडी बड एकिन्स या त्याच्या मित्राने मारली होती. १९६२ साली होंडाने आणि डुकाटीनेही आपापले स्क्रॅम्बलर अमेरिकेत धाडले. एव्हाना उचललेला सायलेन्सर तरुणांना नुसताच दिसायला आवडू लागला होता. चिखल कमी झाला, मोहरा राहिला.

आणि नेमक्या त्याच वेळी चिखलातली सत्ता दुसऱ्याच्या हाती गेली. चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्या आल्या. १९६४ साली जोएल रोबेर या बेल्जियन तरुणाने सीझेडवर २५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले, १९६६ साली पॉल फ्रीड्रिक्सने ५०० सीसीचे. ब्रिटिशांच्या जड गाड्या मागे पडल्या. पुढे १९८३ मध्ये ट्रायम्फचा मेरिडनचा कारखानाच बंद पडला, आणि जॉन ब्लूर या घरे बांधणाऱ्या व्यावसायिकाने तिचे नाव विकत घेऊन हिंकली येथे नवा संसार मांडला.

या सीझेडचे नाते आपल्याशीही आहे. युद्धानंतर सीझेड आणि जावा या भगिनी कंपन्या झाल्या. जावा म्हणजे यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून गाडी घेऊन सुरू केलेला कारखाना. दोन नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. तिचीच २५० सीसीची गाडी इराणी या पारशी कुटुंबाने १९६० च्या सुमारास म्हैसूरला बनवायला घेतली आणि १९७३ पासून 'येझदी' या नावाने चालवली. येझदी म्हणजे इराणातल्या यझद शहराची. सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन, किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा, हे तिचे थाट ज्यांनी पाहिले त्यांना आठवतील. इंग्लंडातल्या जड गाड्यांना चिखलात ज्यांनी हरवले, त्यांच्याच घरातली ही मुलगी आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गाडीवाटा तुडवीत होती. तिला स्क्रॅम्बलर कोणी म्हटले नाही. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद झाला. २०२२ मध्ये येझदी नाव पुन्हा बाजारात आले तेव्हा तिच्या तीन गाड्यांतल्या एकीवर 'स्क्रॅम्बलर' अशी अक्षरे होती. नातवाने काठी शोधून काढली ती अशी.

जमीन पाहून यंत्र घडवावे, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला नवी नाही. १८९७ मध्ये कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. रूळ अडीच फुटांचा आणि हलका. म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये, अशी आखणी त्याने केली होती. पाच टनांचे हे गणित रुळासाठी होते. काळ्या रानाचे गणित त्याहून अवघड. मंगळवेढ्याकडची ज्वारीची रेगूर जमीन पावसानंतर ज्याने तुडवली आहे, त्याला सांगायला नको. ती माती टायरला धरते, टायर तिला मडगार्डात नेऊन कोंबतो, आणि दोनशे पावलांत चाक असे आवळले जाते की ब्रेक लावल्यासारखी गाडी उभी! मग खाली उतरून काडीने चिखल उकरायचा. दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेत जाणारी दोन पोरे घेऊन शंभर सीसीच्या गाड्या आजही हा उद्योग करतात. कोणी वेल्डिंग करून कॅनसाठी लोखंडी चौकट बसवतो, कोणी पुढचा मडगार्डच सोडून ठेवतो. कँबर्लीला शनिवारी संध्याकाळी जे चालत असे, ते हेच.

आता चाकणकडे वळू. बजाज आणि ट्रायम्फ यांचे सहकार्य २०१७ मध्ये जाहीर झाले, २०२० च्या जानेवारीत रीतसर करार झाला आणि २०२३ च्या जूनमध्ये लंडनला दोन गाड्यांवरचा पडदा दूर झाला. एक रस्त्यावरची 'स्पीड ४००', दुसरी तिची रानात जाणारी बहीण. इंजिन दोघींचे एकच : ३९८ सीसी, एक सिलिंडर, चार झडपा, पाण्याने थंड होणारे, ८००० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती. फरक सगळा ठेवणीत. रस्त्यावरचीचे पुढचे चाक १७ इंचांचे, रानातलीचे १९. थोरले चाक खड्ड्याच्या काठावर उथळ कोनातून चढते, म्हणून धक्का कमी बसतो. बैलगाडीची चाके थोरली का असत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. शॉकअब्सॉर्बरची हालचाल दोन्ही चाकांना १५० मिलिमीटर ठेवली. दोन चाकांतले अंतर ४१ मिलिमीटरने वाढवले. लांब गाडी खडीवर लवकर बावचळत नाही. बैठक ७९० वरून ८३५ मिलिमीटरवर गेली, आणि आमच्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला टाचा टेकणे कठीण झाले. खडीवर चाक थोडे घसरू देणे कधी सोयीचे असते, म्हणून चाक न अडू देणारी ब्रेकची योजना बंद करण्याचीही सोय दिली. हे सारे खरे काम आहे. अडचण पाहून काढलेल्या रेषा या.

मग सोंग कोणते? सिलिंडरभोवती जुन्या इंजिनांसारखे कंगोरे आहेत. पूर्वी वाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळून उष्णता निघून जावी म्हणून ते असत. इथे उष्णता पाणी नेते आणि समोरचा रेडिएटर ती बाहेर टाकतो. कंगोरे मुख्यतः डोळ्यांसाठी. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिसाच्या पुढे गेला म्हणजे पाणीच बरे, यात शंका नाही. पण मग कंगोरे कशाला? ट्रायम्फच्या थोरल्या गाड्यांत तर इंधन-इंजेक्शनचा भाग कार्ब्युरेटरचा मुखवटा घालून बसवला होता. २०२५ मध्ये आलेल्या 'एक्ससी' या महागड्या आवृत्तीला तारांची चाके मिळाली. तार लवते, ओतीव चाक तडकते, हे खरे. पण तारांच्या भोकांतून हवा जाते म्हणून पूर्वी ट्यूब लागे. यात तारा रिमच्या कडांना अडकवल्या, म्हणजे ट्यूब नको आणि पंक्चर वाटेत काढता येते. जुन्या रूपासाठी केलेली ही युक्ती कामाचीही निघाली. तिला मी सोंग म्हणणार नाही. पुढचा मडगार्ड मात्र चाकालगतच आहे. काळ्या रानात तिचे काय होईल, हे मंगळवेढेकरांनी ठरवावे.

(यंत्राचे रूप इंजिनिअरच ठरवतो असेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी आणि त्याखालच्यांवर १८ टक्के झाला. कोणाच्या सिलिंडरचा व्यास किती असावा, हे दिल्लीतही ठरते ते असे.)

माझी खरी तक्रार कंगोऱ्यांविषयी नाही. येझदीच्या इंजिनात झडपा नव्हत्या. सायलेन्सरमधली काजळी जाळून काढणे हे मिस्त्रीच्या हाताखालचे पोरही करी. चाकणची गाडी बिघडली तर आधी संगणक जोडून तिला काय होते ते विचारावे लागते. न्यायाने बोलायचे, तर ती बिघडते कमी, धूर ओकत नाही, आणि पहिली तपासणी झाली, की तिच्या दोन तपासण्यांमध्ये सोळा हजार किलोमीटरपर्यंतचे अंतर चालते. पण कँबर्लीच्या मंडळींनी स्क्रॅम्बलर विकत घेतला नव्हता; केला होता. जे हात तो करीत, त्यांच्यासाठी या गाडीत जागा फारशी ठेवलेली नाही. २०२३ मध्ये तिची किंमत कारखान्याबाहेर पडताना २ लाख ६३ हजार होती. एवढे मोजून घेतलेल्या गाडीचा मडगार्ड कोण सोडील?

सोडणारे आहेत, ते निराळ्या गाड्यांवर. हस्ताचा पाऊस पडून गेला आहे, ज्वारीची पेरणी उरकायची आहे, आणि बांधाच्या कडेला गाडी आडवी घालून एकजण दहाच्या पान्याने पुढचे बोल्ट काढतो आहे.