वर्तमानपत्रांचीं कात्रणें व गांववार दप्तरें : पालघर-तारापूर प्रांतीच्या कुलवृत्तांताचें एक साधन

जुनीं कागदपत्रें जमविणारांच्या लेखीं तारापूर म्हणजे इ. स. १७३९. त्या वर्षीच्या जानेवारींत चिमाजीआप्पांच्या फौजेनें तेथील फिरंग्यांचा कोट सर केला व त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, हें सर्वश्रुत आहे. त्या मोहिमेचीं पत्रें आपण रुमालांत बांधून जपतों. परंतु त्याच कोटाच्या आसपास आपल्या काळांत ज्या घराण्यांचीं शेतें गेलीं, घरें उठलीं, त्यांच्या हकीकतीचा बराच भाग वर्तमानपत्रांत विखुरलेला असून तो आपल्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहे. हीं कात्रणें कशीं लावावीं व कोठवर प्रमाण मानावीं, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

पहिला प्रश्न दप्तरावर नांव कोणतें घालावें हा होय. सरकारी हद्दींवर विसंबून चालत नाहीं. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत माहीम तालुका आढळतो. पुढें त्या तालुक्यास पालघर हें नांव मिळालें. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला. म्हणजे एकाच घराण्याच्या बातम्या माहीम, ठाणें व पालघर अशा तीन मथळ्यांखालीं सांपडावयाच्या. त्यांत माहीमही दोन : एक केळवें-माहीम, दुसरें मुंबईचें. चिंचणी-तारापूर असा जोड उच्चार रूढ आहे खरा. पण चिंचणी डहाणू तालुक्यांत व तारापूर पालघर तालुक्यांत मोडतें. तारापूरची औद्योगिक वसाहत असें छापून येतें तेव्हां कारखाने बोईसरलगतचे असतात, कोटाच्या गांवचे नव्हेत. या घोटाळ्यांतून वाट एकच. दप्तर मौजेवार लावावें. छापलेलें नांव जसेंच्या तसें राखून आपण ठरविलेलें गांव कात्रणाच्या पाठकागदावर वेगळें लिहावें. आणि एका कात्रणांत दोन गांवें किंवा दोन घराणीं आलीं तर दुसऱ्या दप्तरांत तशी चिठ्ठी ठेवावी. आडनांवांसही हाच नियम लावावा; एकच आडनांव छापतांना दोन-तीन तऱ्हांनीं लिहिलें जातें, आणि तें सुधारून घेतल्यास मूळ पुरावाच नाहींसा होतो.

दुसरी गोष्ट प्रामाण्याची. पालघर येथें १४ ऑगस्ट १९४२ रोजीं मोर्चावर गोळीबार होऊन पांच जण हुतात्मे झाले. या प्रसंगाचें दप्तर जो लावील त्याच्या हातीं दोन जातींचे कागद येतील : त्या वेळच्या बातम्या, आणि पुढें वर्षोवर्षीं त्याच तिथीस निघालेले स्मरणलेख. पहिल्या तुटक असतात, कारण त्या दिवसांत वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. दुसरे भरघोस असतात, पण ते ऐकीव आठवणींवर उभे असतात. पत्र व बखर यांत आपण जो भेद करितों तोच येथें करावा. दोन्ही एकाच दप्तरांत, पण निरनिराळ्या पुडक्यांत ठेवावे. तथापि स्मरणलेख टाकाऊ समजूं नयेत. हुतात्म्यांपैकीं काशिनाथ हरी पागधरे हें नांवच पाहावें. त्यांत बापाचें नांव व आडनांव दोन्ही आहेत, आणि वंशावळ जुळविणारास तेवढा धागा पुष्कळ होतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. संग्राहक बातमी कापतो आणि जाहीर नोटिसांचें पान फेंकून देतो. वास्तविक घराण्याच्या इतिहासास बातमीपेक्षां नोटीसच अधिक उपयोगी. वकिलांच्या नोटिशींत जमिनीचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, विकणाराचें नांव व पुष्कळदां वारसांचीं नांवेंही असतात. १८९४ च्या भूसंपादन कायद्यास १९८४ सालीं दुरुस्ती होऊन संपादनाची पहिली अधिसूचना राजपत्राखेरीज त्या भागांत खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यांपैकीं निदान एका देशी भाषेच्या दैनिकांत, प्रसिद्ध करणें आवश्यक ठरलें. तारापूर येथें अणुविद्युत् केंद्र १९६९ मध्यें सुरू झालें. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं, आणि ते संच २००५ व २००६ सालीं चालू झाले. गांव उठलें म्हणजे देऊळ, विहीर, शेजार या साऱ्या खुणा जातात, आणि अमक्याचें घर अमक्याच्या शेजारीं होतें हें सांगणारा मनुष्यही दूर जातो. अशा ठिकाणीं नोटिशींतील सर्व्हे नंबर हाच दुवा उरतो. त्यावरून सातबाराचा उतारा, उताऱ्यावरून फेरफार, व फेरफारांतील वारसनोंदीवरून पिढ्या लागतात. नोटीस हा शेवटचा पुरावा नव्हे. तलाठी दप्तराच्या दारापर्यंत नेणारी ती वाट आहे.

राखण्याविषयीं थोडकें सांगतों. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा, म्हणून तो लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. बखरीचा हातकागद जसा टिकतो तसा तो टिकत नाहीं. यास्तव कात्रणाचें छायाचित्र प्रथमच घ्यावें व मजकुराची नक्कल करावी. चिकटपट्टी व गोंद लावूं नये. टांचण्या गंजतात, त्याही नकोत. पत्राचें नांव, आवृत्ति, तारीख व पृष्ठ हीं कापण्यापूर्वींच लिहावीं. तारखेवांचून कात्रण म्हणजे शिक्क्यावांचून सनद. जुनें निनांवी कात्रण हातीं आल्यास पाठीमागील मजकूर वाचावा. एखादी जाहिरात किंवा बाजारभाव पुष्कळदां काळ सांगून जातो.

डहाणू तालुक्यांतील वाढवण येथें होणाऱ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें झाली. त्या किनाऱ्याच्या गांवांविषयीं आज रोज छापून येत आहे, आणि आणखी पन्नास वर्षांनीं तेथील घराण्यांचा शोध घेणारास हेंच कागद हवे असणार. ज्यांच्या घरीं जुन्या अंकांचे गठ्ठे पडले असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं नोटिसांचीं पानें तरी काढून, तारीख घालून, गांववार बांधून ठेवावीं, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.