खिशात मावणारं आणि हातात बसणारं



गेल्या महिन्यात संध्याकाळचा रोलकॉल आटोपून खोलीवर आलो आणि फोन वाजला. पलीकडे अण्णा. आमच्याच युनिटचे हवालदार. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, आता साताऱ्याकडे गावाबाहेरच्या वस्तीवर राहून शेती करतात.

"साहेब, लायसन झालं एकदाचं. आता एक बारकं पिस्तूल सुचवा. खिशात मावंल असं. फक्त धक्का कमी पाहिजे बघा. हात आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाई."

शेवटचं वाक्य ऐकून मी जरा गप्प झालो. कारण हा माणूस आमच्या युनिटचा सगळ्यात पक्का नेमबाज. रेंजवर अण्णा झोपले की बट पार्टीतली पोरं आधीच म्हणायची, 'आता निशाण बदलायला कागद काढून ठेवा.' सियाचिनला हिमदंश झाला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं कापावी लागली. तरीही पुढे कितीतरी वर्षं त्यांनी पोरांना फायरिंग शिकवलं. त्या माणसाला "धक्का कमी पाहिजे" म्हणताना काय वाटलं असेल, हे ज्यांनी वर्दी घातली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं, "अण्णा, घाई करू नका. पंधरा दिवसांत सुट्टीवर येतोय. मग दोघं मिळून दुकानात जाऊ."

सध्या माझी पोस्टिंग प्रयागराजला आहे. पुढच्या रविवारी सकाळी मी चंद्रशेखर आझाद पार्कात गेलो. हाच जुना आल्फ्रेड पार्क. अलाहाबाद म्युझियम त्याच्याच आवारात आहे आणि तिथे काचेआड आझादांचं पिस्तूल ठेवलेलं आहे. आधी दोनदा पाहिलं होतं, पण तेव्हा हात जोडायला गेलो होतो. या वेळी शस्त्र म्हणून बघायला गेलो.

ते कोल्ट कंपनीचं, १९०३ च्या मॉडेलचं, बत्तीस बोअरचं पिस्तूल आहे. 'पॉकेट हॅमरलेस' हे त्याचं नाव. खरं तर त्याला हॅमर असतो, पण तो स्लाइडच्या आत झाकलेला. खिशातून काढताना कापडात अडकेल असं वर काही नाही. अंग चपटं, कडा गुळगुळीत. मॅगझिनमध्ये आठ राउंड. मुठीच्या मागच्या बाजूला दाबपट्टी असते. मूठ नीट आवळल्याशिवाय पिस्तूल सुटतच नाही. आणि वजन सुमारे ६८० ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

२७ फेब्रुवारी १९३१. सकाळची वेळ. आझाद आणि सुखदेव राज पार्कात बोलत बसलेले. पोलिसांनी घेरलं. आझादांनी सुखदेव राजला निसटायला लावलं आणि स्वतः झाडाचा आडोसा घेऊन एकट्यानं लढत राहिले. नॉट-बॉवर आणि विश्वेश्वर सिंह हे दोन्ही पोलीस अधिकारी त्यांच्या गोळ्यांनी जखमी झाले. शेवटची गोळी आझादांनी स्वतःसाठी ठेवली, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पिस्तूल नॉट-बॉवर इंग्लंडला घेऊन गेला. ते भारतात परत यायला १९७० चं दशक उजाडलं.

फिरोजपूरला पोस्टिंग असताना मी याच जातीचं आणखी एक पिस्तूल पाहिलं होतं. हुसैनीवालाला, सतलजच्या काठी, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची समाधी आहे. तिथल्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात भगतसिंगांचं पिस्तूल आहे. तेही कोल्ट, तेही बत्तीस बोअर, नंबर १६८८९६. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ ला साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या राजगुरूंनी, त्यानंतरच्या भगतसिंगांनी. ते पिस्तूल पुढे कितीतरी वर्षं फिल्लौरच्या पोलीस अकादमीत होतं, १९६९ मध्ये इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रात गेलं आणि इतर शस्त्रांच्या गर्दीत पडून राहिलं. २०१७ मध्ये ते इंदूरला लोकांसमोर मांडलं गेलं आणि त्याच वर्षी हुसैनीवालाला आलं.

एकाच संघटनेतल्या दोन माणसांकडे एकाच जातीचं शस्त्र. त्या काळी मिळेल ते हत्यार घ्यावं लागायचं, हे खरं. पण जगात मिळत होतं त्यातही हेच जास्त होतं आणि त्याचं श्रेय एका माणसाला जातं: जॉन ब्राउनिंग. अमेरिकेतला बंदुका बनवणाऱ्याचा मुलगा. त्यानं आपली डिझाइनं अमेरिकेत कोल्टला दिली आणि युरोपात बेल्जियमच्या एफएन कंपनीला. १९०० च्या सुमाराला त्यानं ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपलं बत्तीस बोअरचं काडतूस आणि त्यासाठी खिशात मावणारं पिस्तूल आणलं. ते इतकं खपलं, की कित्येक देशांत ब्राउनिंग म्हणजेच पिस्तूल असं समीकरण झालं. १९१४ मध्ये साराएव्होला आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर रोखलेलं पिस्तूल ब्राउनिंगच्याच डिझाइनचं. त्याच्या पाच वर्षं आधी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं तेही ब्राउनिंग. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यांतलं ते.

आणि हे फक्त क्रांतिकारकांचं हत्यार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं आपल्या जनरलना हेच कोल्ट पॉकेट पिस्तूल दिलं होतं. १९०३ पासून चाळीसच्या दशकापर्यंत त्याचे साडेपाच लाखांहून जास्त नग बनले.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. लहान पिस्तूल म्हणजे कमी धक्का, असं बहुतेकांना वाटतं. रेंजवर नवीन पोरंही हेच म्हणतात. गणित मात्र उलटं आहे.

बत्तीस बोअरच्या पिस्तुलाची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. आपल्या सर्व्हिस पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटरच्या गोळीचं वजन साडेसात ग्रॅमच्या घरात आणि वेग साडेतीनशेच्या आसपास. वजन गुणिले वेग केलं तर नऊ मिलिमीटरचा रेटा बत्तीसच्या दुप्पट भरतो. म्हणजे काडतूस हलकं, हे झालं पहिलं कारण.

दुसरं कारण शस्त्राचं वजन. गोळी पुढे जाते तेवढ्याच रेट्यानं पिस्तूल मागे येतं. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून उडवा, हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. आझादांचं ६८० ग्रॅमचं पोलाद जो धक्का पिऊन टाकतं, तोच साडेतीनशे ग्रॅमच्या नाजूक पिस्तुलात सरळ मनगटात उतरतो. खिशाला जे सुख, ते हाताला दुःख.

तिसरी गोष्ट आतल्या रचनेची. या छोट्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नसतात. स्लाइडचं वजन आणि मागच्या स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच काडतूस जागेवर राहतं. त्यामुळे स्लाइड हलकी केली की स्प्रिंग कडक करावी लागते आणि मग ती मागे ओढायला बोटांत चांगली ताकद लागते. आपल्या सर्व्हिस पिस्तुलात नळी आणि स्लाइड काही अंतर बरोबर मागे जातात, मग सुटतात. धक्का मोठा असला तरी तो पसरून येतो. ती युक्तीही ब्राउनिंगचीच.

चौथी गोष्ट मुठीची. मूठ आखूड असली की करंगळी हवेत राहते आणि पिस्तूल हातात उसळतं. जबलपूरला असताना एका ओळखीच्या गृहस्थांचं जुनं जर्मन पॉकेट पिस्तूल रेंजवर पाहिलं होतं. मालकांनीच दोन राउंड झाडले आणि अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त काढून घेतलं. त्यांचा हात मोठा, मूठ छोटी, मागे आलेल्या स्लाइडनं चावा घेतला. हातानं शस्त्र निवडायचं असतं, डोळ्यांनी नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

सुट्टीवर आलो आणि अण्णांना घेऊन दुकानात गेलो. आपल्याकडे नागरिकाला नऊ मिलिमीटर मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली. त्यामुळे हँडगन म्हटलं की आयुध निर्माण्यांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, हाच आजही बहुतेकांचा रस्ता. गंमत बघा, ज्या बोअरनं इंग्रज सरकारची झोप उडवली, तेच बोअर आज सरकारमान्य घरगुती बोअर आहे. २०१४ मध्ये कानपूरला महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं तेही बत्तीसच, टायटॅनियम मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमच्या आसपास. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात.

अण्णांची नजर काउंटरवरच्या सगळ्यात छोट्या पिस्तुलावर. दुकानदारानं ते रिकामं असल्याची खात्री केली, मग मी केली, मग अण्णांनी केली. तिघांनी बघितल्यावरच हातात घेतलं. उजव्या हातात मूठ आवळली आणि डाव्या हातानं स्लाइड ओढायला गेले. अर्ध्यावर आली आणि बोटांतून सुटली. दुसऱ्यांदा ओढली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. पिस्तूल हळूच काउंटरवर ठेवलं आणि रस्त्याकडे बघत राहिले.

मी काही बोललो नाही. दुकानदारही समजूतदार, त्यानं चहा मागवला.

मग मी पोलादी रिव्हॉल्व्हर मागितलं. सहा राउंडचं, जाड मुठीचं. यात ओढायला स्लाइडच नाही. चेंबर उघडा, राउंड भरा, बंद करा. चाप मात्र जड. दुकानदाराला विचारून आत डमी राउंड घातले आणि नळीच्या टोकाला रुपयाचं नाणं ठेवलं. आपला जुना ड्रिल. भिंतीकडे नळी करून अण्णांनी चाप ओढला. नाणं पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. तिसऱ्यांदा श्वास अर्धा सोडला, थांबवला, चाप एका लयीत मागे आला. खट्. नाणं जागच्या जागी. पुढच्या पाचही वेळा जागच्या जागी.

"जमतंय साहेब," अण्णा म्हणाले. आवाज रेंजवरचा होता.

"पण अण्णा, हे खिशात मावणार नाही."

"व्हय की."

"कुठला खिसा म्हणत होता तुम्ही? वस्तीवर पायजमा आणि बंडी घालता. घरात नातू आहे. हे राहणार कपाटात, कुलपात, राउंड वेगळ्या डब्यात. मग लहान कशाला पाहिजे?"

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "लहान असलं की हात कमी पडलाय ते दिसत न्हाई, साहेब. म्हणून."

यावर काय बोलणार? मी एवढंच म्हटलं, की आझादांच्या हातात होतं तेही लहान नव्हतं. पाऊण किलोच्या जवळपासचं पोलाद होतं. खिशात मावेल एवढं चपटं आणि हातात स्थिर राहील एवढं जड. ब्राउनिंगला हे साधलं, कारण त्यानं काडतूस लहान केलं, पण पिस्तुलाचं वजन गरजेपेक्षा उतरवलं नाही. अण्णांना खिशाची गरजच नव्हती. त्यांना फक्त हाताची गरज होती.

रिव्हॉल्व्हर घेतलं. पण त्याआधी अण्णांनी लोखंडी तिजोरी घेतली, भिंतीत बोल्ट करून बसवली आणि मला फोटो पाठवला. ऑर्डर असा पाहिजे: आधी कुलूप, मग शस्त्र.

ज्या माजी सैनिकांना लायसन मिळालंय किंवा मिळणार आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. वजनाला घाबरू नका, वजन तुमच्या बाजूचं आहे. करंगळीला जागा आहे का बघा. स्लाइड दहा वेळा ओढून बघा, एकदा नव्हे. नाण्याचा ड्रिल करा. आणि हात बदललाय हे कबूल करायला लाजू नका. हिमदंशाची, छऱ्यांची, संधिवाताची बोटं ही आपली सर्व्हिस बुकातली नोंदच आहे.

परवा रविवारी पुन्हा म्युझियममध्ये गेलो. काचेपुढे एक बाप आपल्या पोराला उचलून दाखवत होता. पोरगं म्हणालं, "इतना छोटा?"

मी मनात म्हटलं, बाळा, हातात घेतलं की कळतं.

जय हिंद.