ग्रेट व्हॉवेल शिफ्ट
साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांच्या उच्चारात टप्प्याटप्प्याने झालेला बदल. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी हे नाव रूढ केले. दीर्घ स्वर उच्चारताना जीभ पूर्वीपेक्षा वर जाऊ लागली. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांना मात्र आणखी वर जायला जागाच नव्हती, म्हणून ते संयुक्त स्वर झाले. कवी चॉसरच्या (मृत्यू १४००) इंग्रजीत ‘टाइम’ हा शब्द ‘टीम’सारखा, ‘हाउस’ हा ‘हूस’सारखा उच्चारला जाई. मुद्रक कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हा हा बदल चालूच होता. त्यामुळे स्पेलिंग बरेचसे जुन्या उच्चारांवर स्थिरावले. इंग्रजी स्पेलिंगच्या लहरीपणाचे एक मोठे कारण हे. ऱ्हस्व स्वर या बदलातून बहुतांशी सुटले.