फूटपाथवरून कोणाला उचलायचं?

मुंबईत ‘टोइंग’ हा शब्द पावतीवर असतो. बोलताना आपण म्हणतो, “गाडी उचलली.” पोलिसांनी माणसाला पकडून नेलं तरी “उचललं” असंच म्हणतो. रस्त्यावरून काय उचलायचं आणि काय राहू द्यायचं, हा प्रश्न या शहरात मोटारीपेक्षा जुना आहे.

१८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात ३१२ ते ३१४ ही कलमं आहेत. रस्त्यात अडथळा होईल असं काही उभारू नये, ठेवू नये. ठेवलं तर आयुक्त ते नोटीस न देता हटवू शकतात. कायदा झाला तेव्हा इथे मोटारी नव्हत्या आणि उपनगरंही महापालिकेत नव्हती. अंधेरी-घाटकोपर १९५०मध्ये आले, बोरिवली-मुलुंड १९५७मध्ये. त्यांच्याबरोबर ही कलमंही इथवर पोहोचली.

त्यांचा सगळ्यात गाजलेला वापर झाला तो माणसांवर. १३ जुलै १९८१ला मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या तोडल्या गेल्या आणि काही कुटुंबांना एसटीच्या बसमध्ये कोंबून शहराबाहेर नेलं गेलं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि खुद्द फूटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेजवळच्या कामराज नगरचे रहिवासीही त्यात होते.

१० जुलै १९८५ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. कायद्याच्या वर्गात त्याचा अर्धाच भाग जास्त सांगितला जातो: पोट भरण्याचा हक्क हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दुसरा अर्धा भाग असा, की फूटपाथ ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती लोकांच्या सोयीसाठी आहे आणि खासगी कामासाठी ती अडवून बसण्याचा हक्क कोणालाच नाही. कलम ३१४ वैध ठरलं. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत तेवढी मिळाली.

‘कोणालाच नाही’ हे तत्त्व मला पटतं. पण मग गाडीचं काय?

गाडीची गोष्ट वेगळ्या कायद्यात लिहिली गेली: आधी १९१४, मग १९३९, मग १९८८चा मोटार वाहन कायदा. त्याच्या कलम १२७नुसार सार्वजनिक जागी दहा तासांपेक्षा जास्त बेवारस सोडलेली किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलता येते. आदेश गणवेशातल्या पोलिसानेच द्यायचा, खर्च मालकाचा.

उपनगरात या कलमाची गरज वाढत गेली, कारण इमारती आधी आल्या आणि गाड्या नंतर. साठ-सत्तरच्या दशकांत इथे सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा बजाजच्या स्कूटरसाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. पार्किंगचा विचार कोण करणार? १९९१नंतर कर्ज सोपं झालं, गाड्या आल्या. त्यांना ठेवायला जागा एकच होती: गेटबाहेरचा रस्ता. जपानने १९६२मध्येच कायदा केला, की गाडी घेण्याआधी ती ठेवायची जागा दाखवा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये साधारण हेच सुचवलं. मे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीही तशी घोषणा केली.

मधल्या काळात भार पडला तो टोइंग व्हॅनवर. नोव्हेंबर २०१७मध्ये मालाडच्या एस. व्ही. रोडवर एक गाडी ओढली जात होती आणि मागच्या सीटवर आई बाळाला पाजत होती. व्हिडिओ देशभर फिरला, हवालदार निलंबित झाला. जुलै २०१९मध्ये पालिकेने उलटं टोक गाठलं: पालिकेच्या वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत बेकायदा पार्किंग केलं तर दुचाकीला किमान ५,००० रुपये, मोटारीला १०,०००. मार्च २०२२मध्ये पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी टोइंग प्रयोग म्हणून थांबवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ३० जूनला ते निवृत्त झाले, त्यानंतर व्हॅन परत आल्या.

तिन्ही वेळी भांडण गाडीवाला आणि पोलीस यांच्यातच झालं. टोइंगवाल्यांची दादागिरी, ओरखडे, पावत्यांचा घोळ या तक्रारी खऱ्या आहेत. गाड्यांमुळे ट्रॅफिक तुंबतं, हेही खरं. पण दोन्ही बाजूंना रस्ता म्हणजे चाकांचा रस्ता एवढंच दिसत होतं. चालणारा माणूस त्या चर्चेत नव्हता.

खरं तर नियम त्याच्या बाजूचा आहे. २०१७च्या मोटार वाहन चालन नियमांनुसार फूटपाथवर पार्किंगला सरसकट मनाई आहे; ‘नो पार्किंग’ची पाटी लागत नाही. तरी अंधेरीत स्टेशनपासून घरापर्यंत चालताना मला दिसतं ते वेगळंच. व्हॅन येते, गाड्यांना अडवणाऱ्या गाड्या उचलते. पोरं दुचाकी हाताने वर चढवतात, मोटारीची पुढची चाकं हायड्रॉलिकवर जातात. फूटपाथवर चढवलेली गाडी ट्रॅफिक अडवत नाही, म्हणून ती राहते. आमच्या इमारतीतल्या एक आजी वॉकर घेऊन चालतात. स्कूटरच्या रांगेपाशी त्या थांबतात, मागे वळून बस येतेय का ते बघतात आणि रस्त्यावर उतरतात.

मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मोकळ्या फूटपाथवरून चालण्याचा हक्क कलम २१मध्येच येतो. हे तेच कलम, ज्याच्या आधाराने चाळीस वर्षांपूर्वी फूटपाथवर झोपणारी माणसं कोर्टात उभी होती. फूटपाथ चालण्यासाठी आहे, असं त्यांना सांगितलं गेलं आणि तिथून उठवण्याचा कायदा वैध ठरला. त्यांच्यापैकी कोणाकडे गाडी नव्हती.

टोइंग बंद करावं की नाही, या वादात म्हणूनच मला फारसा रस उरलेला नाही. व्हॅनने दिवसाची सुरुवात फूटपाथपासून करावी, एवढंच माझं म्हणणं आहे. १९८५चं ‘कोणालाच नाही’ खरोखर सगळ्यांना लागू आहे की नाही, ते तिथेच कळेल.