‘आय अ‍ॅम हॅविंग’ची कुळकथा

‘सर, आय अ‍ॅम हॅविंग अ डाउट.’ डोंबिवली-कल्याणच्या क्लासेसमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. व्याकरणाच्या पुस्तकाला ते मान्य नाही. हॅव, नो, अंडरस्टँड ही स्थिती सांगणारी क्रियापदं. त्यांना ‘आयएनजी’ लावायचा नाही, हा नियम. तरी पोरं लावतातच, आणि त्याचं खापर आळसावर फोडण्यात अर्थ नाही.

मराठीत ‘कळतंय’, ‘आठवतंय’, ‘वाटतंय’ सर्रास चालतं. ‘करतो आहे’चा बोलण्यात ‘करतोय’ झाला, आणि हा ‘तोय’ क्रिया की स्थिती असलं सोवळं पाळत नाही. त्यातून शाळेतलं समीकरण: ‘त आहे’ दिसलं की ‘आयएनजी’ ठोका. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या अशाच, वाक्यासमोर वाक्य मांडून. सन 2000 मध्ये इंग्रजी पाचवीवरून पहिलीत आली, समीकरण तेच राहिलं. एकदा हात बसला, की ‘शंका आहे’ यात ‘तोय’ नसला तरी ‘हॅविंग’ येतंच. अर्थात हिंदी-गुजराती बोलणारेही हेच करतात, तेव्हा सगळं श्रेय आपण घ्यायला नको.

गंमत अशी, की खुद्द इंग्रजांच्या घरीही या रूपाचा जम उशिराच बसला. बीज अँग्लो-सॅक्सन काळातलं. पण शेक्सपिअरचा पोलोनियस हॅम्लेटला काय वाचतोस म्हणून विचारतो, तेव्हा तो ‘आयएनजी’ वापरत नाही. आज तसं विचारलं तर मास्तर लाल रेघ मारतील. घर बांधलं जात असेल तर ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणायची जुनी रीत होती. ‘इज बीइंग बिल्ट’ अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलं आणि पुढच्या शतकातल्या पंडितांनी त्यावर भरपूर नाकं मुरडली. म्हणजे 1853 मध्ये बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली आणि पुढे कल्याणकडे रूळ टाकले जात होते, तेव्हा हे ‘टाकले जात आहेत’ इंग्रजीत कसं सांगावं यावर इंग्रजांचंच एकमत नव्हतं.

आपल्या या ‘आयएनजी’ला साहित्यात नेऊन बसवलं निस्सीम इझिकेल यांनी. मुंबईचे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेतला वक्ता ओळीओळीत हे रूप वापरतो. वाचणाऱ्याला हसू येतं खरं, पण त्या माणसाचा भाबडेपणाही त्याच व्याकरणातून कळतो. शुद्ध इंग्रजीत ती कविता उभीच राहिली नसती.

नियमाची खरी अडचण झाली ती 2003 मध्ये. मॅकडोनाल्ड्सने ‘आय’म लव्हिन इट’ हे घोषवाक्य जगभर लावलं. ‘लव्ह’ला ‘आयएनजी’ लावू नये असं फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांसमोर कुणी बर्गरचा कागद धरला, तर ते काय सांगणार?