‘एक्स्पोसितो’: अनाथालयाच्या दारात जन्मलेले स्पॅनिश आडनाव

एक्स्पोसितो हे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतील देशांत आढळणारे आडनाव आहे. ‘एलिते’ या 2018 मध्ये सुरू झालेल्या स्पॅनिश मालिकेतील अभिनेत्री एस्तेर एक्स्पोसितो हिच्यामुळे ते भारतातील तरुण प्रेक्षकांच्याही परिचयाचे झाले. नावात ‘पो’ या अक्षरावर आघात येतो. कानाला ते भारदस्त वाटते; परंतु त्याचा मूळ अर्थ ‘टाकून दिलेला’ असा आहे. एखाद्या कुटुंबाने ते अभिमानाने धारण केले असे प्रारंभी कोठेही घडलेले नाही. ते नेहमी दुसऱ्या कोणीतरी, बहुधा अनाथालयाच्या लेखनिकाने वा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याने, लिहिलेले असे.

शब्दाची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. लॅटिनमधील ‘एक्स्पोनेरे’ म्हणजे बाहेर ठेवणे, उघड्यावर मांडणे. त्याचे कर्मणी भूतकालवाचक रूप ‘एक्स्पोसितुस’. नको असलेले अर्भक घराबाहेर ठेवून देण्याची प्रथा प्राचीन रोममध्ये होती आणि अशा अर्भकासाठी हाच शब्द वापरला जाई. स्पॅनिशमध्ये तो विशेषण म्हणून आला. त्यामुळे जुन्या नोंदवह्यांत मुलगा असल्यास ‘एक्स्पोसितो’ आणि मुलगी असल्यास ‘एक्स्पोसिता’ असे लिहिलेले आढळते. आडनावाला सहसा लिंगभेद नसतो; येथे तो दिसतो, कारण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते अद्याप आडनाव नव्हते, मुलाचे वर्णन होते.

स्पॅनिश आडनावांची सर्वसाधारण घडण पाहिली म्हणजे या नावाचे वेगळेपण ध्यानात येते. फेर्नान्देस म्हणजे फेर्नान्दोचा पुत्र, रोद्रिगेस म्हणजे रोद्रिगोचा पुत्र. अन्य अनेक आडनावे गावावरून वा व्यवसायावरून पडली, जशी आपल्याकडे नागपूरकर वा जोशी. शिवाय स्पेनमध्ये प्रत्येक व्यक्ती दोन आडनावे लावते, एक पित्याकडचे व एक मातेकडचे. म्हणजे माणसाच्या नावातच त्याच्या दोन्ही घराण्यांचा पत्ता असतो. ज्याचे पिता-माता दोन्ही अज्ञात, त्याच्या बाबतीत ही सारी व्यवस्था निरुपयोगी ठरे. रिकाम्या राहिलेल्या त्या जागी ‘एक्स्पोसितो’ हा शब्द बसला.

अर्भके स्वीकारण्याची पद्धत युरोपच्या कॅथलिक देशांत जवळपास सारखीच होती. अनाथालयाच्या भिंतीत लाकडाचे एक फिरते पिंप बसवलेले असे. स्पॅनिशमध्ये त्याला ‘तोर्नो’ म्हणत. रस्त्याच्या बाजूने त्यात मूल ठेवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आतील व्यक्ती ते फिरवून मूल आत घेई. ठेवणारा व घेणारा यांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, हाच त्या यंत्राचा हेतू. काही माता मुलाच्या अंगावर फीत, पदक वा चिठ्ठी ठेवीत. पुढेमागे परत न्यायला आलो तर ओळख पटावी एवढ्यासाठी. माद्रिदमधील ‘इन्क्लूसा’ ही सोळाव्या शतकात उभी राहिलेली संस्था अशा आश्रयस्थानांत सर्वांत प्रसिद्ध. पुढे तिचे नाव स्पेनमध्ये कोणत्याही अनाथालयासाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाले.

या संस्थांना पुण्यकार्य म्हणून गौरवले गेले असले, तरी आतले वास्तव भयंकर होते. दाया अपुऱ्या, पैसा त्याहून अपुरा आणि रोगराई कायमची. दाखल झालेल्यांपैकी बहुसंख्य मुले लहानपणीच दगावत. म्हणून आज हे आडनाव लावणारा प्रत्येक वंश, एका अर्थी, त्या थोडक्या वाचलेल्यांपैकी कोणाचा तरी आहे.

जगलेल्यांच्या वाट्याला आडनावाचा कलंक येई. ज्याचे पालक ठाऊक नाहीत तो अनौरसच, असे गृहीत धरले जाई आणि अनेक कारागीर-संघांचे व प्रतिष्ठेच्या पदांचे दरवाजे त्याला बंद असत. वास्तविक टाकलेल्या मुलांत दारिद्र्यामुळे सोडलेली विवाहित जोडप्यांची मुलेही असत. राजा चौथा कार्लोस याने 1794 मध्ये यासंबंधी काढलेले फर्मान लक्षणीय आहे. अज्ञात पालकांची सर्व मुले नागरी व्यवहारात औरस समजली जावीत, असे त्यात जाहीर करण्यात आले. कोणी त्यांना ‘अनौरस’ वा तत्सम शब्दांनी हिणवल्यास त्याने न्यायालयासमोर शब्द मागे घ्यावेत आणि दंड भरावा, अशीही तरतूद होती. चाबकाचे फटके, जाहीर विटंबना व फाशी या शिक्षाही त्यांना देऊ नयेत, असे फर्मान सांगते. त्यामागील तर्क मात्र त्या काळालाच शोभणारा आहे: न जाणो, शिक्षा होणारा एखाद्या थोर कुळातला निघायचा! दया होती, पण कुळाचा धाक तिच्याहून मोठा होता.

कायद्याने दर्जा दिला, तरी नाव तसेच राहिले आणि ते नावच सर्व काही सांगून टाकी. म्हणून अनेक संस्थांनी दुसरी नावे योजली. सारागोसा येथील ‘कृपामाता’ रुग्णालयात आलेल्या मुलांना ‘ग्रासिया’, म्हणजे कृपा, हे आडनाव मिळे. कातालोनियात ‘देउलोफेउ’, म्हणजे ‘देवाने घडवलेला’, हे नाव दिसते. फुटबॉलपटू जेरार्द देउलोफेउ याच्यामुळे ते क्रीडारसिकांना माहीत आहे. इग्लेसियास (चर्च), सान्तामारिया, दे दिओस (देवाचा) हीदेखील अनेकदा अशाच मुलांना दिली गेली. अर्थात ही नावे इतर मार्गांनीही पडलेली असल्याने, ती लावणारा प्रत्येक जण अनाथाचाच वंशज असे समजणे चुकीचे ठरेल.

अशा मुलांचा जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठा वाटा नोंदला गेला तो 1803 मध्ये. देवीची लस अमेरिकेतील वसाहतींत नेण्यासाठी डॉ. फ्रान्सिस्को हाविएर बाल्मिस यांची मोहीम त्या वर्षी 30 नोव्हेंबरला ला कोरुन्या बंदरातून निघाली. शीतकरणाची सोय नसल्याने लस जिवंत ठेवण्याचा एकच उपाय होता: एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचत जाणे. त्यासाठी 22 लहान मुले जहाजावर घेण्यात आली. ती बहुतांशी अनाथालयांतील होती आणि ला कोरुन्या अनाथालयाच्या व्यवस्थापिका इसाबेल सेन्दाल त्यांच्यासोबत होत्या. त्या मुलांच्या यादीत कित्येकांना आडनावच नाही. दोन संतांची नावे जोडून काम भागवलेले आहे. याच हस्तांतर पद्धतीने लस 1802 मध्ये बसऱ्याहून मुंबईत पोहोचली होती आणि 14 जून रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली होती.

अमेरिकेतही हा शब्द रुजला. ब्युनॉस आयर्स येथे 1779 मध्ये अनाथालय स्थापन झाले आणि त्याच्या खर्चासाठी पुढच्या वर्षी छापखाना सुरू करण्यात आला. ‘निन्योस एक्स्पोसितोस’ या नावाच्या त्या छापखान्यातूनच 1810 मध्ये अर्जेंटिनाच्या क्रांतिकारी शासनाचे वृत्तपत्र निघाले. विसाव्या शतकात ओमेरो आणि विर्हिलिओ एक्स्पोसितो या गीतकार-संगीतकार बंधूंनी टँगो संगीतात हे आडनाव मानाचे केले.

इटलीत याच शब्दाचे ‘एस्पोसितो’ हे रूप आहे आणि त्याची लोकप्रियता स्पॅनिश रूपाच्या कितीतरी पुढे गेली आहे. नेपल्समधील अनुन्झियाता संस्थेचे फिरते चाक 1875 मध्ये बंद झाले. परंतु त्या शहरातील सर्वाधिक प्रचलित आडनाव आजही एस्पोसितो हेच आहे. तेथे ते इतके सामान्य झाले की त्याचा डंख निघून गेला.

स्पेनमध्ये तसे झाले नाही. 1871 पासून नागरी नोंदणी सुरू झाली आणि आडनावे कायमची पक्की झाली. त्यानंतर हे नाव टाकू इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली. 1921 मध्ये ‘एक्स्पोसितो’ असणे हेच आडनाव बदलण्यास पुरेसे कारण मानण्यात आले. 1957 च्या नागरी नोंदणी कायद्यात तर ‘एक्स्पोसितो किंवा अज्ञात जन्म सूचित करणारे तत्सम आडनाव’ बदलण्याची मुभा नाव घेऊन दिलेली होती. पालक अज्ञात असलेल्या बालकाला सर्वसामान्य वापरातील आडनावेच द्यावीत, असा दंडकही त्याच कायद्यात होता. त्यामुळे या मार्गाने नवे एक्स्पोसितो निर्माण होणे थांबले.

बदलण्याची सोय असूनही हजारो कुटुंबांनी हे आडनाव टिकवले. विशेषतः अंदालुसियात ते आजही सहज आढळते. वंशावळी शोधणाऱ्यांना मात्र ते एका ठरावीक जागी थांबवते. पिढ्यान्‌पिढ्या मागे जाताना नोंदवहीत ‘पालक अज्ञात’ ही ओळ येते, शेजारी तारीख असते, क्वचित अंगावरच्या फितीचा रंग असतो, आणि त्यापलीकडे काहीच नसते.